एकाच पेशीत निकाल

मी शाळकरी मुलांसाठी जीवशास्त्राची पुस्तकं लिहितो. म्हणजे पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून लिहितो. बेडूक, गांडूळ, गाय, अमिबा या सगळ्यांशी माझी ओळख आकृतीतली. बाण काढायचे, नावं द्यायची, की ओळख संपली. प्रत्यक्ष गाय मी पाहिलेली होती, पण ती रस्त्यात आडवी बसलेली आणि मी रिक्षात.

अशा माणसाला नेवासा तालुक्यातल्या एका शाळेतून साळवे बाईंचा फोन आला. बाई विज्ञान शिकवतात.

“सर, आमच्या शाळेत एक रिकामी खोली आहे. मला तिथे प्रयोगशाळा करायची आहे आणि शाळा समितीला तिथे गावजेवणाची भांडी ठेवायची आहेत. येत्या शनिवारी बैठक आहे, त्यात कायमचं ठरणार. दोन वर्षं मी सांगतेय, आता माझं बोलणं कोणाच्या कानात शिरत नाही. त्यांना काहीतरी डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आमचा सूक्ष्मदर्शक मोडलाय. तुमचा घेऊन याल?”

“दाखवू की!” मी म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नाही. होती ती त्याची आकृती. मग एका मित्राकडून आरशावर चालणारा जुना नग मिळवला, टॉवेलात गुंडाळला आणि निघालो.

गावाचं नाव सांगत नाही. गावाने काही वाईट केलेलं नाही, प्रश्न माझ्या अब्रूचा आहे.

घोडेगाव

नगर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, कांदा आणि मोकळं आभाळ एवढंच उरतं. घोडेगावला उतरलो तर बाजाराचा दिवस. गाई, म्हशी, शेळ्या, टेम्पो आणि माणसं यांचा असा काला झालेला की कोण कोणाला विकायला आणलंय हे पटकन कळू नये. म्हशींच्या शिंगांना तेल, गळ्यात गोंडे. व्यापारी एकमेकांचे हात रुमालाखाली धरून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता, बोटांनी भाव करत होते. मी कागदावर भेळ आणि गोडीशेव घेतली आणि एका गाईपाशी उभा राहून खाऊ लागलो.

गाईचा मालक उंच, वयस्कर, कडक कांजी केलेली पांढरी टोपी घातलेला. गिऱ्हाईक राहुरीकडचा एक तरुण. नोकरी सोडून नुकताच दुधाच्या धंद्यात उतरलेला आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून गाय पारखायला शिकलेला. मालकाने गाईचं तोंड उघडून दाखवलं. “बघा. चारदाती हाय, ऐन तरनी. धा गावांत मिळायची न्हाई असली गाय.”

मी वाकून पाहिलं. माझ्यातला ग्रंथकार जागा झाला.

“अहो, हिला वरचे दातच नाहीत!” मी म्हणालो. वर्गात बोलावं तसं, लांबवर ऐकू जाईल असं. “पुढचे सगळे पडलेत. म्हातारी आहे ही गाय.”

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही कोण?”

“जीवशास्त्राची पुस्तकं लिहितो. पुण्याहून आलोय.”

पुणं आणि पुस्तक हे दोन शब्द एकत्र आल्यावर तो बिचारा गोंधळला. “परत येतो,” म्हणून गर्दीत जो शिरला तो दिसेनासा झाला.

मालक शांतपणे माझ्याकडे वळले. “सायेब, तुमच्या पुन्यातल्या गाईला असत्यात का वरचे दात?”

“असतीलच की.”

त्यांनी माझा दंड धरला. शेजारच्या बैलाचं तोंड उघडलं. “ह्याला हायेत?” नव्हते. पुढची म्हैस. “हिला?” नव्हते. एका शेळीचं तोंड उघडलं, तिलाही नाही. तोवर पंचवीस-तीस माणसं जमली होती.

“ऐका रं!” मालक ओरडले. “सायेब म्हंत्यात, आज हितं समदा म्हाताऱ्यांचाच बाजार भरलाय!”

त्या हशाने दोन म्हशी बुजल्या. आणि अगदी त्याच क्षणी मला माझ्याच पुस्तकातलं एक वाक्य आठवलं: रवंथ करणाऱ्या प्राण्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. मी ते ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं. मुलांच्या लक्षात राहावं म्हणून.

भेळ तिथेच ठेवून मी नेवाशाची गाडी पकडली.

नेवासा

बाई शाळा सुटल्यावर स्कूटीवरून मला घ्यायला येणार होत्या. हाताशी तासभर होता. झालेली नाचक्की भरून काढावी म्हणून प्रवरेच्या घाटावर गेलो, पायरीवर सूक्ष्मदर्शक मांडला आणि नदीच्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. कपडे धूत असलेली एक आजी हात पुसत जवळ आली.

मी डोळा लावला आणि दचकलो. थेंबात एक काळाकभिन्न, वाकड्या पायांचा प्राणी होता. असा प्राणी मी कुठल्याही पुस्तकात, माझ्यासुद्धा, पाहिला नव्हता.

“आजी, प्रवरेत नवीन जीव सापडलाय!” माझा आवाज चिरकला. “हलतोय बघा!”

आजीने डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. “हाय की. मी डोळा मिटला की त्यो बी हलतोय.”

मागे स्कूटी थांबल्याचा आवाज आला. ठेंगणी, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम अशी एक बाई उतरली, तिने वाकून सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि अतिशय आदराने म्हणाली, “सर, पापणी.”

“म्हणजे?”

“स्वतःच्या पापणीचे केस. डोळा फार टेकवला की दिसतात. आमच्या सहावीतल्या मुलांचंही पहिल्या दिवशी असंच होतं.” मग तिने हात जोडले. “नमस्कार. मी साळवे.”

बाईंचं घर

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मुलांच्या वह्यांचे गठ्ठे आणि ताटात हुलग्याची शेंगोळी. वाफाळती, लसणाचा ठसका असलेली. बाईंच्या आई वाढत होत्या. “घ्या अजून. उद्या बोलायचंय ना तुमाला, मंग अंगात जोर नको?” पुण्यात पाहुण्याला ‘अजून घेणार का?’ असं विचारतात. इथे विचारत नाहीत, ताटात पडतंच.

जेवता जेवता बाईंनी उद्याची बाजू समजावून दिली. समितीचे अध्यक्ष आसाराम तात्या. बाकीचे सदस्य तात्या बघतील तिकडे बघतात. “तात्या वाईट नाहीत, सर. जे हाताला लागतं तेच त्यांना खरं वाटतं. भांडी हाताला लागतात. विज्ञान कुठे लागतं?” थोडं थांबून म्हणाल्या, “पंचायतीने कढया, पातेली, सतरंज्या आधीच आणून ठेवल्यात त्या खोलीत. उद्या ठराव झाला की माझ्या मुलांना प्रयोग पुन्हा फळ्यावरच.”

मी छाती पुढे काढून म्हणालो, “आपण गावालाच बोलावू. पंचायतीच्या भोंग्यावरून. मजकूर मी लिहितो.”

बाई भाकरी आणायला आत गेल्या. मी त्यांच्याच फोनवर मजकूर लिहिला आणि पंचायतीच्या शिपायाला पाठवून दिला. उद्या आपण पेशी दाखवणार, कांद्याच्या पापुद्र्यातली, गालाच्या आतली, मग घोळ कशाला घालायचा? लिहिलं: *उद्या सकाळी दहा वाजता शाळेत पेशी आहे. सर्वांनी हजर राहावे.*

छोटं, सुटसुटीत, शास्त्रीय. भोंगा वाजला तेव्हा आत मिक्सर चालू होता, बाईंना काही ऐकू गेलं नाही. मला गेलं. शिपायाने शेवटी स्वतःचंही एक वाक्य घातलं होतं: “जो येनार न्हाई, त्याची जबाबदारी त्याच्यावर.” मला वाटलं, वा, विज्ञानाबद्दल काय तळमळ आहे या गावात!

पेशी

सकाळी पावणेदहाला शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्रीचे कपडे, पायांत वहाणा, चेहरे गंभीर. प्रत्येकाच्या काखेत पिशवी आणि पिशवीत कागद. सातबारे, नकाशे, जुन्या नोटिसा. एका म्हातारबुवांनी तर पत्र्याची पेटीच आणली होती.

“बाई,” मी आनंदाने म्हणालो, “लोक वह्या घेऊन आलेत!”

बाईंनी पुढच्या माणसाच्या हातातला कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. “सर, भोंग्यावर नेमकं काय सांगितलंत?”

मी सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

नेवाशाच्या पूर्वेला, शेवगावच्या बाजूला गेलं की मराठवाडा सुरू होण्याआधीच त्याची भाषा सुरू होते. आणि त्या भाषेत पेशी म्हणजे कोर्टातली सुनावणी. मी अख्ख्या गावाला कोर्टात हजर राहायचं फर्मान काढलं होतं.

“सायेब कुठं हायेत?” गर्दीतून आवाज आला. “आमची पेशी आधी घ्या. बांधाचं हाय.” हे किसनराव. आणि त्यांना कोपराने बाजूला सारत पुढे आले त्यांचे चुलतभाऊ, ज्यांच्याशी त्यांचा बांधावरून वर्षानुवर्षं दावा चालला होता. उंच, वयस्कर, कडक कांजीची पांढरी टोपी.

“ह्ये आमचे अध्यक्ष,” बाई हळूच म्हणाल्या. “आसाराम तात्या.”

तात्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “ह्यो हाय व्हय जज्ज? ह्याला गाईचे दात मोजता येत न्हाईत, बांध काय मोजनार?”

बाईंनी मला विचारलं नाही, तात्या कुठल्या गाईबद्दल बोलतायत म्हणून. त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि पायरीवर चढून, दोन वर्षं न ऐकल्या गेलेल्या आवाजात, गावाला खरं काय ते सांगितलं. पेशी म्हणजे सुनावणी नव्हे. तुमचं आमचं, कांद्याचं, गाईचं शरीर ज्या बारक्या बारक्या खोल्यांचं बनलेलं असतं, त्यातली एकेक खोली म्हणजे पेशी. ती आज इथे दिसणार आहे.

लोकांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. मग पेटीवाले म्हातारबुवा म्हणाले, “म्हंजी आज निकाल न्हाई?”

“आज बी न्हाई!” कोणीतरी म्हणालं आणि पटांगण हसलं. निम्मे लोक उठायला लागले. बाई म्हणाल्या, “आलाच आहात तर बघून जा. फुकट आहे.” निम्म्यांतले निम्मे थांबले. तात्या थांबले ते बैठकीसाठी.

सूक्ष्मदर्शक त्याच खोलीत मांडायचा होता. पण त्याच्या आरशाला उजेड लागतो आणि एकुलती एक खिडकी कढया, पातेली आणि सतरंज्यांच्या ढिगाने बंद झालेली. “भांडी जरा बाहेर घ्यायला लागतील,” बाई म्हणाल्या. चारपाच जणांनी हात लावला. खिडकी उघडली तसा उन्हाचा एक पट्टा आत येऊन टेबलावर पडला.

मी कांद्याचा पापुद्रा काढला. काचपट्टीवर ठेवला. आता आयोडिनचा एक थेंब. बाटलीचं बूच घट्ट बसलेलं होतं. मी जोर लावला. बूच निघालं आणि आयोडिनची धार तात्यांच्या टोपीवर गेली.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर, थेंब पडला तिथे तिथे निळाकाळा डाग उमटत गेला. एखादं पान कुजावं तसा.

तात्यांनी टोपी काढून हातात धरली. उलटसुलट करून पाहिली. बैठकीचा निकाल मला त्या टोपीवर लिहिलेला स्पष्ट दिसत होता.

“तात्या,” बाई म्हणाल्या, “टोपीला कांजी केलीय ना? कांजी म्हणजे पिठूळ पाणी. पिठावर आयोडिन पडलं की निळंकाळं होतं, दुसऱ्या कशावर होत नाही. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी भाकरीवर टाकून बघा.” मग त्यांनी पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून एक लिंबू मागवलं, कापलं आणि डागावर चोळलं.

डाग गेला. आधी कडेने, मग मधून. गर्दी पुढे सरकली. किसनराव म्हणाले, “ह्ये तर जादू झाली.”

“जादू नाही, लिंबातल्या आंबटात एक पदार्थ असतो, तो आयोडिनचा रंग मोडतो,” बाई म्हणाल्या. “माझ्या मुलांनी हे फळ्यावर वाचलंय. करून कधी बघितलं नाही. कुठे करणार?”

तात्यांनी ओली टोपी डोक्यावर घातली आणि खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच.

कांद्याची पेशी सगळ्यांनी पाहिली. “इटाची भिंत हाय जनू,” एक बाई म्हणाली. तात्यांनीही पाहिलं. “हाय. भिंत हाय. कांद्यात भिंत निघाली, बरं झालं. पर म्याडम, भांड्यांना जागा लागती.”

मला वाटलं, संपलं. मी खाली मान घालून काचपट्टी पुसू लागलो. बाई मात्र खिडकीतून बाहेर बघत होत्या. समोर, तात्यांच्या गोठ्यात, कालची गाय निवांत बसली होती. न विकली गेलेली.

“तात्या, तुमची गाय आत्ता काय करतेय?”

“काय करनार? रवंथ.”

“तिच्या तोंडातला चारा थोडा मिळेल?”

तात्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रस दिसला. हे हाताला लागणारं काम होतं. ते गेले, मागोमाग आम्ही सगळे. गाईच्या मानेकडे बघत ते थांबले. “थांबा. आत्ता गिळला. आता दुसरा येईल.” नरड्यातून एक गोळा वर चढताना दिसला. “आला!” त्यांनी जबड्याच्या कडेने हात घातला आणि पाणी सुटलेला हिरवा लगदा बाहेर काढला. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “वरचे दात न्हाईत म्हनून बोटं शाबूत हायेत, सायेब.”

बाईंनी कोमट पाण्यात ठेवलेली वाटी तयारच आणली होती. लगदा रुमालातून पिळला. काचपट्टी तळहातावर धरून ऊब दिली, कारण गार झालं की आतले जीव मंदावतात. मग खोलीत परत येऊन तिच्यावर एक थेंब.

आधी मी पाहिलं. अंधार. आरसा हलवला. उजेड आला आणि त्या उजेडात काहीतरी लांबट, केसाळ, झपकन आडवं गेलं. माझा कालचा अनुभव ताजा होता. मी डोळा मिटून उघडला. ते माझ्या डोळ्याबरोबर हललं नाही. ते स्वतःच्या मनाने पळत होतं, आणि त्याच्या मागे आणखी एक, आणखी चार.

“बाई,” मी हळूच म्हणालो, “ही पापणी नाही ना?”

बाईंनी पाहिलं. त्यांचा आवाज बदलला. “नाही, सर. तात्या, या.”

तात्या वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. “आयला,” ते म्हणाले. मग, “पळतंय!” मग, “ह्ये माझ्या गाईत हाय?”

“लाखांनी आहेत. गाईला स्वतःला वैरण पचवता येत नाही, तात्या. वैरण हे पचवतात, हे आणि ह्यांच्याहून बारीक जंतू.”

“म्हंजी मी इतकी वर्सं वैरन गाईला न्हाई, ह्यांना घालतोय?”

“हो. म्हणून तर एकदम नवा चारा घातला की...”

“गाय रवंथ सोडती!” तात्या ताडकन उभे राहिले. “ह्ये मरत्यात! ह्यांना सवय नसती! माझा बाप सांगायचा, चारा हळूहळू बदल, का ते त्याला बी ठाव न्हवतं.” त्यांनी पुन्हा डोळा लावला.

“तात्या, सरक की,” किसनराव मागून म्हणाले. “किती येळ बघशील एकटाच?”

सगळे चमकले. बांधाचा दावा लागल्यापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तात्यांनाही ते जाणवलं असावं. ते बाजूला झाले. “बघ. डाव्या अंगाला बघ, एक मोठा हाय.”

“ह्याला म्हनत्यात काय, म्याडम?” किसनरावांनी डोळा न काढता विचारलं.

“एकपेशीय प्राणी,” बाई म्हणाल्या.

पटांगणात, खोलीत, दारात सगळ्यांचे कान टवकारले. मग तात्या सावकाश म्हणाले, “एक पेशी? म्हंजी एकाच पेशीत निकाल?”

त्यानंतरचा हशा घोडेगावपर्यंत गेला असेल. पेटीवाले म्हातारबुवा पेटीवर बसून डोळे पुसत होते. “भाग्यवान हाय लेकाचा! आमी समदी बहुपेशीय. माझं पोरगं बालवाडीत हुतं तवापासनं तारखा चालल्यात!” बाई हसत होत्या, हसता हसता टेबलाला धरून उभ्या होत्या.

समितीची बैठक तिथेच, उभ्या उभ्या झाली. कोणीतरी विचारलं, “भांडी आत घ्यायची का, तात्या?”

तात्यांनी बाहेर उन्हात चमकणाऱ्या कढयांकडे पाहिलं. “आत उजेड लागतो. पंचायतीच्या पडवीत ठेवा.” मग बंडीच्या खिशातून खोलीची चावी काढून त्यांनी बाईंच्या हातावर ठेवली. “घ्या म्याडम. आमचं काय बी असू द्या. ह्या खोलीचं काम मातर एकपेशीय झालं.”

दोन वर्षं मागितलेली चावी. बाईंनी ती मुठीत धरली, उघडून पाहिली, पुन्हा धरली. मग वळून मुलांना म्हणाल्या, “चला. ओळ करा. ज्याने डोळा टेकवला त्याला पापणी दिसेल, आधीच सांगते.”

मी सूक्ष्मदर्शक तिथेच ठेवून आलो. मित्राला अजून सांगितलेलं नाही.

परत

तात्यांनीच मला मोटारसायकलवरून घोडेगावला सोडलं. “काल तुमी गिऱ्हाईक पळवलं नसतं,” ते वाऱ्यात ओरडून म्हणाले, “तर आज गाय नसती. तवा माफ.” थोड्या वेळाने, “आता न्हाई इकनार तिला. आत एवढी जत्रा घेऊन बसलीय ती.”

वेशीपाशी भोंगा खरखरला. शिपायाचा तोच गंभीर आवाज उसावरून आमच्या मागे मागे आला:

“ऐका हो ऐका! सोमवारी दहा वाजता शाळेत पेशी हाय. समद्यांनी हजर राहावं. कागदं आनू नयेत. गाय आनली तर चालंल.”